गाडी तयार आहे, पण देऊ नका

ती. आत्या,

वाकून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे हे मनापासून विचारते, पण उत्तराची घाई करू नकोस, कारण आधी मला मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करायची आहे. मी लिहिलं होतं, 'आम्ही तिघंही ठणठणीत आहोत, आणि गाडी अजून गॅरेजमध्येच आहे कारण एक भाग मिळत नाही.' यातलं ठणठणीत हे खोटं आहे, आणि तो भाग मिळून चार महिने झाले. (मला अक्षरं शाळेत नाही, तुझ्या ओट्याखाली पाटी घेऊन बसल्यावर आली. चुकलेलं पुसायचं नाही, त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, हे तूच शिकवलंस. ही ती रेघ समज.)

अपघात तुला नव्यानं सांगत नाही, मागच्या सीटवर तू होतीसच. सिग्नल हिरवा झाला, मी गाडी पुढे घेतली आणि डावीकडून तो टेंपो आला. बाबांच्या बाजूचं दार आत दबलं. कुणाचं हाड मोडलं नाही, टाका पडला नाही, म्हणून सगळे 'थोडक्यावर निभावलं' म्हणाले, आणि मीही म्हणाले. (सिग्नल हिरवाच होता ना, हे बघायला मी नंतर सहा वेळा त्या चौकात घड्याळ घेऊन उभी राहिले. सहाव्या वेळी तिथल्या वाहतूक पोलिसाला मी वरच्या ऑफिसातून तपासणीला आलेली वाटले. त्यानं टोपी सरळ केली आणि पुढचा अर्धा तास इतक्या जोमानं हात केले की मला दया येऊन घरी जावं लागलं.)

घोळ उघड झाला तो कामावर. मी कवळ्या घडवते हे तू सगळ्यांना अभिमानानं सांगतेस, पण आमचं घासायचं यंत्र पायानं चालतं हे तुला माहीत नसेल. पेडल जितकं दाबावं तितकं ते जोरात फिरतं. आता झालं असं, की बाहेर रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक लावला की माझा उजवा पायही ब्रेक लावतो. (मी सांगत नाही, तो आपणहून लावतो.) गाडीत त्यानं गाडी थांबते, आमच्याकडे यंत्र सुसाट सुटतं. पहिल्यांदा एका निवृत्त मुख्याध्यापकांची दाढ गेली. दुसऱ्यांदा त्यांचेच समोरचे दोन दात. मालक म्हणाले, "ताई, काही दिवस साच्यांचं प्लास्टर कालवा," आणि हे इतक्या मायेनं म्हणाले की मला मोरीत जाऊन रडावं लागलं. आत्या, हे एकच काम मला नीट येतं.

ती कवळी परत करायला दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी विचारलं, झोप लागते का, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतो का, दचकतेस का, कुठला रस्ता टाळतेस का. मी सांगितलं, सहा वेळा उभं राहून झाल्यावर आता तो चौक टाळायला पंधरा मिनिटांच्या वाटेला पन्नास मिनिटं लावते, आणि व्यायाम म्हणून सांगते. (यामुळे प्रभावित होऊन मालकीणबाईही सोबत येऊ लागल्यात. त्यांचं वजन चार किलो उतरलंय आणि त्या मला दुवा देतात. आता खरं कसं सांगू?) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा भित्रेपणा नाही. अपघात संपला हे तुझ्या डोक्याला कळलंय, पायाला अजून कुणी सांगितलेलं नाही." याला आघातानंतरचा ताण म्हणतात आणि यावर उपचार असतात, असं सांगून त्यांनी एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला.

त्या बाई 'धीट हो' असं एकदाही म्हणाल्या नाहीत, म्हणून मला त्या आवडल्या. त्यांनी पहिला अभ्यास दिला तो बंद गाडीत दहा मिनिटं बसण्याचा. धडधड वाढेल, तरी उठायचं नाही, दिसणाऱ्या पाच गोष्टी मोठ्यानं म्हणायच्या, धडधड आपोआप उतरेल. आता आपली बंद गाडी गॅरेजमध्ये, आणि मिस्त्रींना चार महिन्यांपूर्वी मीच सांगून आलेले, की गाडी तयार आहे, पण देऊ नका, बाबा घाबरतील. खाली मान घालून गेले, तर मिस्त्रींनी पानाच खाली ठेवला. "या! तुमच्या आई सांगून जातात, मुलगी घाबरेल, देऊ नका. बाबा सांगून जातात, दोघी घाबरतील, देऊ नका. तुम्ही म्हणता बाबा घाबरतील. चार महिने घरजावयासारखी बसलीय ही इथे!" म्हणजे तिघांनी तिघांना सांभाळलं होतं, आणि तिघांना सांभाळत होते मिस्त्री.

मी स्टिअरिंगशी बसले. दिसेल ते मोठ्यानं म्हणू लागले. तिसऱ्या गोष्टीवर होते तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं आणि बाबा आत बसले. दोघंही किंचाळलो. "तू इथे काय करतेस?" "बसलेय. तुम्ही?" "मी आरसा बघायला आलो होतो." दुसऱ्या गाडीखालून मिस्त्री ओरडले, "दर मंगळवारी येतात हो आरसा बघायला!" बाबांचा एक पाय अजून बाहेरच होता. मी त्यांना पाच गोष्टींचा अभ्यास सांगितला. ते म्हणू लागले: काच, हातोडी, भिंतीवरचं घड्याळ, मिस्त्रींचे पाय. मग थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू. धड आहेस." आणि दुसरा पाय आत घेऊन त्यांनी दार लावलं. आम्ही चौतीस मिनिटं बसलो.

आईला सांगितलं तर म्हणाली, "तुम्हा दोघांना धड खोटं बोलता येत नाही, म्हणून तर मला मिस्त्रींकडे जावं लागलं."

त्यानंतर इंजिन सुरू करून झालं, फाटकापर्यंत झालं, आणि काल बाबांसोबत तो चौक झाला. (मी घामानं भिजले. बाबा डोळे मिटून होते, पण नाकारतात.) गुरुवारी बाहेर ब्रेक करकचला तेव्हा माझा पाय अर्ध्यावर थांबला आणि विचार करत राहिला. मालकांनी सरावाला एक बेवारस कवळी दिली आहे.

तुझी भाची

ता. क. वर 'तिघांनी' लिहिलं तेही चूक. मिस्त्रींनी मोजताना चार बोटं दुमडली होती. चौथं सांगणं परगावाहून फोनवर आलं होतं. फोनवरच्या बाईंनी नाव सांगितलं नाही, पण 'माझ्या भावाला आणि भाचीला गाडी इतक्यात देऊ नका' म्हणून बराच वेळ नाक ओढत होत्या. आत्या, पाच महिन्यांत तू एकदाही आली नाहीस. मी काही विचारत नाही. अशी कारणं शोधण्यात मी स्वतःच तरबेज आहे.

ता. क. २ खरं तर हे पत्र एवढ्याचसाठी. मी गाडी चालवत तुझ्याकडे येणार आहे, शेजारी बाबा. दारात उभी करून इंजिन बंद करीन. तू नुसती मागे येऊन बस. कुठे जायचं नाही, दार उघडं ठेव हवं तर. नको वाटलं तर खिडकीतून हात कर, तेवढंही पुरेल. आम्ही येतोय रविवारी, सोळा तारखेला, सकाळी दहा वाजता.