कुंकवाचा वॉर्ड

मंगळवार, संक्रांतीनंतरचा

आज आमच्या चाळीच्या पटांगणात निवडणुकीला उभ्या राहिलेल्या बाईंचं हळदीकुंकू होतं. समोरच्या चाळीतली सुमनवहिनी नेहमीसारखी माझ्या शेजारीच बसली होती. नव्या प्रभागरचनेत मधली गल्ली हद्द झालीय आणि तिची चाळ दुसऱ्या वॉर्डात गेलीय, हे ठाऊक होतं. पण ते मतदानापुरतं, असं वाटलेलं.

करंडा घेतलेली कार्यकर्ती मला कुंकू लावून पुढे सरकली. वहिनीने कपाळ पुढे केलं.

"तुम्ही समोरच्या ना? मग तुमचं त्या वॉर्डात होईल." कुंकवाचं बोट तसंच मागे गेलं.

"कुंकू पण वॉर्ड बघान लावतत काय गो?" वहिनी मला म्हणाली आणि उठून गेली. पुढे केलेलं ते कपाळ काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी का नाही बोलले? वाणाचा डबा मात्र मुकाट घेऊन आले.

त्याच डब्यात तिळगूळ भरून तिच्याकडे जायचंय. पण झाकणावर बाईंचा फोटो चिकटवलाय. नखाने खरवडून बघितला. बाईंचं कपाळ गेलं, हसू काही निघत नाही.