जहाजासाठी गोबरगॅस

५ जानेवारी, रविवार. माकणी.
मावसभाऊ रणधीर मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला आहे. रजेवर येतोय, अठराला आपल्याकडे जेवायला. जहाजांच्या काळ्या, जाड तेलातून किती धूर निघतो ते वाचलं आणि जेवण गेलं नाही. उपाय आपल्या परसात आहे : गोबरगॅस. त्यावर जुना जनरेटर चालवून रणधीरला दाखवायचा. तो कॅप्टनला सांगेल, पुढचं कंपनी बघेल. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. तटस्थपणासाठी ते बरंच.
स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं : हे नावासाठी करतोयस का? नाही. (पेपरात फोटो आला तर अडवणार नाही.)

६ जानेवारी.
शेगडीची नळी काढून गॅस ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये भरायला घेतला. आईला दमा, म्हणूनच हा प्लांट बांधला होता. पण थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. सिलिंडर तर तत्त्वापायी पूर्वीच परत केलाय. तोवर चूल.

९ जानेवारी.
ट्यूब मऊच. थंडीत गॅस कमी होतो. दुसरं कारण दुपारी कळलं : बायको दैवशाला प्लांटमध्ये शेण सोडतच नाही, गोवऱ्या थापते. जाब विचारला. म्हणाली, "मग चुलीत काय तुमची डिग्री घालू? जहाजाचं शेण कालवायला खलाशी बोलवा."
बायकोला दूरदृष्टी नाही. उद्यापासून शेण मी कालवणार. पहाटे पाचला.

१० जानेवारी.
गार होतं. उद्यापासून.

१३ जानेवारी. भोगी.
बाजरीच्या भाकरी चुलीवरच्या. चव वेगळीच. घरभर धूर. आई अंगणात पोतं टाकून बसली. खोकत म्हणाली, "किती लांब हाय रं तुझा समुद्र?" चारशे किलोमीटर तरी, मी म्हणालो. "मग तिथला धूर मला लागत न्हाय."
आईचा विचार फार स्थानिक आहे. खोकला हवाबदलामुळे असावा. (खात्री नाही.)

१७ जानेवारी.
चाचणी. सुरू करण्यापुरतं पेट्रोल घातलं. जनरेटर चालला. गॅस सोडला, बंद पडला. प्रयोग अर्धा यशस्वी. उद्या तेवढाच अर्धा दाखवावा.

१८ जानेवारी.
रणधीर दारातच डोळे पुसायला लागला. मला वाटलं, भेटीचा गहिवर. मग म्हणाला, "दादा, आमच्या इंजिनरूममध्ये एवढा धूर झाला तर अलार्म वाजतो. माणसं बाहेर काढतात. तुम्ही मावशीला आत निजवलंय व्हय?"
मी ट्यूब आणायला वळलो. वळून बघतो तर तो आईला उचलून गाडीत बसवत होता. लोहाऱ्याला, डॉक्टरकडे. दैवशालाही गेली. ताटं तशीच राहिली.

१९ जानेवारी.
आई घरी आली. डॉक्टरांनी विचारलं होतं म्हणे, घरात चूल आहे का. दैवशालानं सांगितलं, "व्हय. जहाजाची."

२० जानेवारी.
शेण कालवलं. हातमोजे नाहीत. नळी पुन्हा शेगडीला जोडली, ट्यूबमध्ये साठवलेला गॅस सोडला. पाण्याला उकळी यायच्या आत संपला. तसाच चहा आईला दिला.
आई म्हणाली, "कोमट हाय."