जागेवाले

४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. कल्पना इतक्या भराभर सुचतात की कुठेतरी टिपून ठेवलेल्या बऱ्या.

काम मिळालं! साफीच्या कुंभारटेकडीवरचं उस्ताद कुंभार माल्लम बुश्तांचं घर. माल्लम गेल्या हिवाळ्यात वारले. मागे वीसबावीस माणसं ठेवून गेले, भाजक्या मातीची. काही गुडघ्याएवढी, काही माझ्या उंचीची, सगळ्यांवर आमच्या गावची निळी-हिरवी झिलई. आता तिथे म्युझियम होणार. जागेचं डिझाइन माझं. ओपनिंग २८ला.

संस्थेच्या संचालिका लाला नुझा. बाई हुशार, पण बोलतात फार. आजच्या मीटिंगमध्ये करार, किल्ल्या, कुणाचा काय हक्क असलं काहीतरी किती वेळ वाचत होत्या. मी तेवढ्यात प्रेक्षकांच्या फ्लोचं स्केच काढून टाकलं. फ्लो जमला की सगळं जमतं.

बायको, बहिजा, अजून अगादीरला, बहिणीकडेच. आठ दिवसांसाठी गेली होती. तीन आठवडे झाले. बहिणीचं घर मोठं आहे, वेळ लागणारच.

५ नोव्हेंबर

घर पाहिलं. अंगणात सगळी माणसं कशीही उभी: निळी बाई, दोन कोळी, टोपलीवाला, सगळीच. शिवाय प्रत्येकाची मान वाकडी, आणि सगळ्यांची तोंडं कोपऱ्यातल्या एका बुटक्या खोलीकडे. भट्टीत वाकली असणार. मोठ्या कारागिरांच्याही अशा चुका होतात, आपण समजून घ्यायचं. उपाय सोपा: सगळ्यांना फिरवून तोंडं प्रेक्षकांकडे. माल्लमनी प्रत्येकाला जुन्या चाकावर उभं केलंय, नुसतं ढकललं तरी फिरतं. बरं झालं.

बुटक्या खोलीत नळ आहे, मोरी आहे, बसायला दगडी ओटा आहे. अल्लानेच टॉयलेट म्हणून बांधलेली जागा. आजपासूनच तोडफोड.

दारावर राखणदार आहेत, बा अल्लाल. सत्तरीचे. मी तोडफोड म्हटल्यावर त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, जागेवाल्यांना विचारलंत का?

मला हसू आलं. रिकाम्या घरात, मोरीत, पाणवठ्याला जे राहतात त्यांचं नाव घ्यायचं नाही, जागेवाले म्हणायचं, हे साफीत शेंबडं पोरही जाणतं. पण मी राजधानीत, रबातला शिकलोय. म्हटलं, बा अल्लाल, हे म्युझियम आहे.

ओटा फोडताना बिस्मिल्ला म्हटलं. सवय, दुसरं काही नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळी माणसं फिरवली. दिवे बसवले, प्रत्येकाच्या कपाळावर एक स्पॉट. अप्रतिम! बा अल्लाल म्हणाले, ही काय चोर पकडल्यासारखी उभी केलीत. त्यांना काय कळतंय.

मग कुसकुस खायला गेलो. परत आलो तर निळी बाई टॉयलेटकडे बघत होती.

जमीन उतरती असणार.

११ नोव्हेंबर

जमीन सपाट आहे. आज चौघं फिरले. निळी बाई, दोन्ही कोळी आणि टोपलीवाला. चौघंही टॉयलेटकडे.

शिवाय आवाज येतो. टिंग. मग बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्या कोपऱ्यातून टिंग. माणसांच्या अंगातूनच येतो असं वाटलं, पण ते पाइप असणार.

बहिजाला फोन केला. कामाबद्दल सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, माझं शिलाईचं मशीन कुठंय? सांगितलं की तळघरात अगदी सुरक्षित आहे, आणि दिवाणखाना आता किती मोठा दिसतो ते येऊन बघ, रिकाम्या जागेलाही स्वतःचं सौंदर्य असतं. ती म्हणाली, मग तिच्याशीच संसार कर. तिचा स्वभाव विनोदी आहे.

ओपनिंगला यायला सांगितलंय. येईल.

१३ नोव्हेंबर

भ्रम नको म्हणून प्रत्येक चाकाखाली पेन्सिलीने रेघ मारली. जेवून आलो. नऊ जण रेघेवरून हललेले. निळ्या बाईचा चेहरा ओला होता, पुसल्यासारखा. नळ बंद, छप्पर कोरडं. जवळ गेलो तर ओल्या मातीचा वास. तेवढ्यात कानाशी टिंग झालं. मी अंगणात कसा पोचलो ते नीट आठवत नाही.

बा अल्लालना सहज म्हणून विचारलं, दुपारी इथे कोण येतं?

ते म्हणाले, कोण येणार? जागेवाले येतात.

म्हटलं, तुम्ही अडवत नाही?

ते म्हणाले, त्यांचीच जागा, त्यांना मी कोण अडवणार? उठून उभा राहतो आणि मान खाली घालतो. तुमच्यावर नाराज आहेत. मोरीचं काय केलंत ते बघितलं तेव्हा रडले.

रडले!

घरी जाताना मीठ घेतलं. स्वयंपाकघरातलं संपलं होतं. सहा किलो घेतलं कारण मीठ नासत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

नीट विचार केला. घाबरून उपयोग नाही, तर्काने जायला हवं. ते राहतात कुठे? मोरीत. मोरी कुणी फोडली? मी. सगळी माणसं कुठे बघतात? मोरीकडे. म्हणजे ती बोट दाखवताहेत. सगळं स्पष्ट झालं आणि फार बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं.

टॉयलेटच्या चारही कोपऱ्यांत मीठ टाकलं. ड्रेनमध्ये दूध ओतलं. हरमल आणि जावीचा धूप जाळला. नवा फायर अलार्म उत्तम चालतो हे या निमित्ताने तपासून झालं. टेकडीवरचे सगळे कुंभार धावत आले. लाला नुझाही आल्या. त्यांना सांगितलं की प्रेक्षकांच्या नाकालाही अनुभव मिळावा म्हणून प्रयोग चालू आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, सी जलील, तुम्ही जेवता ना वेळेवर?

रिकाम्या घरी कोण वेळेवर जेवतं? पण तसं म्हटलं नाही. व्यवस्थित म्हटलं.

१९ नोव्हेंबर

चाकांखाली लाकडी पाचरी ठोकल्या. आता बघू.

संध्याकाळी: पाचरी काढून भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या. त्यांच्यावर भाकरीचा तुकडा, रुमालात बांधलेला. अजून ऊन. मला की त्यांना?

नाही खाल्ला. दोन घास खाल्ले. चांगली होती. घरची भाकरी खाऊन महिना झाला. अंगणात बसून खाताना मला एकदम रडू आलं, का ते कळलं नाही. वीसबावीस माणसं पाठमोरी. एकानेही वळून बघितलं नाही.

ठराव: आज घरी सगळे दिवे लावून झोपणे. विजेचं बिल हा प्रश्न नाही, लाइट डिझाइनचा अभ्यास आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आठवडा उरला. आता सरळ समझोता. आत्याने एकदा जागेवाल्यांसाठी जेवण केलं होतं: कोंबडी, ऑलिव्ह, आणि मिठाचा कणही नाही. मीठ त्यांना चालत नाही हे सर्वज्ञात आहे. मी स्वतः रांधलं. मोठं ताट भरून टॉयलेटच्या दारात ठेवलं. इकडेतिकडे बघून म्हटलं, जागेवाले, चूक झाली असेल तर माफी असावी, पण २८पर्यंत सांभाळून घ्या, माझी बायको यायची आहे.

बायकोचं का म्हटलं कोण जाणे. संस्थेचं म्हणणार होतो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

ताट घासून पालथं ठेवलेलं. बा अल्लाल माझी वाटच बघत होते. म्हणाले, जागेवाल्यांचा निरोप आहे. कोंबडी शिजलीय छान. पण मीठ का नाही टाकलंस? आणि जेवण कुणी संडासाच्या दारात ठेवतं का, लाज नाही वाटत?

मीठ मागणारे जागेवाले! आत्याच्या सबंध आयुष्यात असं झालं नव्हतं.

ठरवलं, आज जेवायला जायचं नाही. तिकीट काउंटरखाली लपलो. लपलो म्हणजे निरीक्षणासाठी बसलो. मागच्या दारात किल्ली फिरली. किल्ली! मी डोळे गच्च मिटून कुराणातल्या येतील तेवढ्या आयता म्हटल्या. पावलं आली. अनवाणी. मग पाण्याचा आवाज, आणि कुणीतरी म्हणालं, काय रे बाळा, तापलास का?

डोळे उघडले. एक म्हातारी ओल्या फडक्याने टोपलीवाल्याचं कपाळ पुसत होती.

लाला ख्नाता. माल्लम बुश्तांच्या बायको.

मी काउंटरखालून बाहेर आलो तेव्हा त्या दचकल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, मीठ न टाकणारा तूच ना? मग बोलत बोलत एकेकाला फिरवू लागल्या. हे दिवे काढ. पोरं तापतात, झिलई तडकते, टिंगटिंग ऐकू येत नाही का तुला? बहिरा आहेस? आणि माना वाकड्या म्हणे! आमच्या ह्यांनी मुद्दाम वळवल्यात. मी त्या खोलीत ओट्यावर बसून माती मळायचे. चाळीस वर्षं. आम्हाला मूल नाही. प्रत्येक नवं झालं की हे त्याला अंगणात आणायचे आणि म्हणायचे, बघ रे, ती तुझी आई, तिकडे बघ. माती ओली असतानाच मान माझ्याकडे वळवायचे. आता तू तिथे संडास केलास.

मी म्हटलं, टाइल्स इटालियन आहेत.

बा अल्लालवर मात्र मी भडकलो. सरळ सांगायला काय झालं होतं, लाला ख्नाता येतात म्हणून? ते उलट माझ्यावरच तापले. म्हणे, वा! मेलेल्या मित्राच्या बायकोचं नाव मी परक्या पुरुषापुढे घेऊ? घरावर अजून त्यांचा हक्क, मग त्यांना जागेवाले नाही तर काय म्हणू? तुम्हाला काय वाटलं होतं?

काही नाही वाटलं म्हटलं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण ते माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाबद्दल नव्हे.

२५ नोव्हेंबर

लाला नुझा म्हणाल्या, पहिल्याच मीटिंगला वाचून दाखवलं होतं. लाला ख्नाता हयात असेपर्यंत किल्ली त्यांच्याकडे, आणि कुठलीही भिंत पाडण्याआधी त्यांना विचारायचं. तुम्ही मान डोलवत होतात. मी म्हटलं, तेव्हा फ्लो सुचत होता.

टॉयलेट हलवता येत नाही. पाइप पक्के झालेत. ओटा तुकड्यांत गेला. स्पॉट काढले. माणसं जिकडे बघतात तिकडे बघू दिली. मुलाखतीत सांगायला वाक्य तयार आहे: आमच्या प्रदर्शनात शिल्पं प्रेक्षकांकडे पाठ फिरवतात. हे मला आधीपासूनच अभिप्रेत होतं.

बहिजाला २८ची आठवण केली. बघते म्हणाली. म्हणजे हो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ओपनिंग झालं.

लाला ख्नाता नवा काफ्तान घालून आल्या आणि खुर्ची मागून आपल्या जुन्या जागी बसल्या. म्हणजे टॉयलेटच्या दारात. सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी घर पहिल्यांदा नीट दिसलं. माझ्या एकाही स्केचमध्ये ते तसं नव्हतं.

मग कासाब्लांकाचे एक पाहुणे टॉयलेटला गेले आणि बाहेर येताना त्यांनी लाला ख्नातांच्या मांडीवर नाणं ठेवलं. त्यांना वाटलं, संडासवाली. पाठोपाठ सगळेच ठेवू लागले. मी तोंड लपवायला कोळ्यांच्या मागे गेलो. लाला ख्नातांनी मला हाक मारली, मुठीतली नाणी दाखवली आणि म्हणाल्या, घे, मीठ आण. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. शेवटी नुसतं पाणीच राहिलं.

मी दाराकडे बघत होतो. बहिजा आली नाही. बस चुकली असणार.

३० नोव्हेंबर

तळघरातून मशीन वर आणलं. एकट्याने, तीन जिने. खिडकीशी ठेवलं. दिवाणखाना एकदम लहान दिसायला लागला. चालेल.

बहिजाला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, त्याचं तोंड कुठे केलंयस?

मी म्हटलं, कुठे हवंय?

ती म्हणाली, अठरा वर्षं बसत होते मी तिथे, जलील. आणि फोन ठेवला. अगादीरचं नेटवर्क असंच आहे.

मशीन खिडकीकडे करून बघितलं. भिंतीकडे करून बघितलं. मग मी घरात शिरताना समोर येईल असं दाराकडे करून बघितलं. तिन्हीकडे छान दिसतं. ती कुठे बघत बसायची ते काही केल्या आठवत नाही.

झोपण्याआधी दाराकडे ठेवलं आणि त्याच्या पायांखाली पेन्सिलीने रेघ मारली. जादा किल्ली पायपुसण्याखाली ठेवलीय.

१ डिसेंबर, रविवार

दिवसभर मुद्दाम बाहेर राहिलो. आत येताना दारात थांबून म्हटलं, जागेवाले, येऊ का?

मशीन रेघेवरच आहे.