पाहण्याची मुभा

३ मार्च

हॉस्पिटलच्या सिस्टिममधली जुनी खाती तपासायला घेतली. हसून हसून पुरेवाट! कँटीनवाल्या काकांच्या खात्याला कुणीतरी 'डॉक्टर' करून ठेवलंय. म्हणजे पेशंटचं जेवण बघता बघता ते औषधंही लिहून देऊ शकले असते! फोन केला तर म्हणतात, "राहू द्या की ताई, घरी तरी जरा मान मिळेल."

काढलं. कुणी काय पाहायचं, कुणी काय बदलायचं, हे ठरल्याप्रमाणे लावून देणं — एवढंच माझं काम. पण आवडतं मला. इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईवर विभागप्रमुख सरांनी हे सोपवलं, कसे उपकार फेडू!

५ मार्च

आईंच्या मानेतल्या गाठीचा तुकडा आज तपासायला गेला. आमच्याच हॉस्पिटलात. सासूबाई म्हणून कधी टोचून बोलल्या नाहीत, पण जवळही घेतलं नाही. "चहा झाला का", "दार लाव" — त्यापलीकडे आमचं बोलणं जात नाही. आजही कारमध्ये खिडकीबाहेर बघत बसल्या.

७ मार्च

हे सकाळपासून मागे लागलेत. "रिपोर्ट सिस्टिममध्ये आला असेल. बघ ना एकदा!"

म्हटलं, कामाशिवाय कुणाचा रिपोर्ट उघडायचा मला अधिकार नाही.

"अधिकार वाटणारी तूच ना?"

तीच तर पंचाईत! मला कुणी अडवणारंच नाही. जेवणानंतर जागेवर बसले आणि आईंचं नाव टाइप केलं. पूर्ण नाव. बोट एंटरवर. मग सगळं खोडलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

८ मार्च

सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, माझा पेशंटच्या रिपोर्टचा अ‍ॅक्सेस काढा." का, तेही सांगून टाकलं. म्हटलं आता ओरडतील.

सर हसले. "सगळे 'द्या द्या' करत येतात. 'काढा' म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच!" मग जरा विचार करून म्हणाले, "पण नुसतं तेवढं काढून उपयोग नाही. मुख्य खातं तुमच्याकडे राहिलं तर तुम्ही स्वतःला परत देऊ शकाल. ते खातंच थोडे दिवस माझ्याकडे द्या."

आणि खरंच घेतलं! आता पासवर्ड विसरलेल्यांचे सगळे फोन सरांना. मला हलकं वाटलं. इतकं, की जिन्यात एकटीच हसले.

९ मार्च

यांना सांगितलं, तर चिडले. डबाही नेला नाही.

१० मार्च

आईंना ड्रेसिंगला नेलं. तिथल्या सिस्टरांची मागे बदली झाली तेव्हा त्यांच्या नव्या वॉर्डचा अ‍ॅक्सेस मी लगेच लावून दिला होता. त्यांनी ते लक्षात ठेवलंय! आईंना उशी दिली, पाणी दिलं, कितीतरी वेळ गप्पा मारत बसल्या. रिपोर्टचं मात्र त्याही बोलल्या नाहीत. "डॉक्टरच सांगतील हं." बरं वाटलं मला. चांगली माणसं आहेत भोवती.

घरी आल्यावर हे स्वयंपाकघरात आले. "चिडलो गं. भीती वाटते." एवढंच. मी चहा टाकला.

१२ मार्च

डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. म्हटलं, यांनाही येऊ द्या. तर म्हणाले, "तुमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलंय — काय असेल ते आधी माझ्या सुनेला सांगा. मुलगा हळवा आहे, ती सांभाळून घेईल."

गाठ कॅन्सरची आहे. लवकर सापडली, ऑपरेशननं बरी होईल म्हणतात. मला नक्की कशाचं रडू आलं, देव जाणे.

बाहेर दोघं मायलेक माझ्याच तोंडाकडे बघत होते. मी आईंशेजारी बसले. "आई, सांगू?"

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "सांग बाळ."