खोडलेला चौकोन

मी, वय एकाहत्तर, निवृत्त सॉफ्टवेअर-आरेखक, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. मान वर करून लिहावं असं यात फारसं काही नाही.

१. राहतं घर आणि जी काही शिल्लक असेल ती पत्नीला.

२. पुस्तकं आणि भिंतीवरचा पांढरा फळा मुलाला. फळा नीट पुसून घ्यावा, मी कडा नेहमी सोडून देतो.

३. आमच्या जुन्या साहेबांना काही नाही. "मशीन सोमवारी बाहेर पडलंच पाहिजे," हे ते म्हणाले होते खरं. पण खोडरबर माझ्या हातात होतं.

४. लोखंडी कपाटातली निळी फाइल माझ्या भाचीला. तिला मीच कामाला लावलं होतं. लॉन्ड्रीच्या मोठ्या मशीनचा प्रोग्राम लिहिण्याआधी आम्ही तो कागदावर मांडत होतो: ड्रम, दार, मोटर, प्रत्येकाच्या अवस्थांचे चौकोन, आणि कशानंतर काय घडतं त्याचे बाण. भाचीने ड्रमच्या 'चालू' आणि 'थांबला' यांच्यामध्ये 'थांबतोय' असा चौकोन काढला. मोटर बंद झाली तरी ड्रम थोडा वेळ फिरतो, तेवढ्यात दार उघडू नये म्हणून. त्या एका चौकोनामुळे तपासायच्या शक्यता इतक्या वाढल्या की संगणकावरची तपासणी चार दिवस झाले तरी संपेना. मी तो खोडला. दुपारच्या चहाआधी उत्तर आलं, धोका नाही.

"मामा, ड्रम असा एकदम थांबतो का?"

"अगं, कागदावर थांबतो. उगाच फाटे फोडू नकोस."

महिन्याभरात लॉन्ड्रीतल्या एका बाईंची उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत पुढे आलेल्या पक्क्या आकृतीवर सही निघाली भाचीची. मी मूग गिळून बसलो. तिची नोकरी गेली, पुढे त्या कामात तिला कोणी दारात उभं केलं नाही. बहिणीने माझ्याशी बोलणं टाकलं, ते बरोबरच केलं. सतरा वर्षं मला याची लाज वाटते, आणि सतरा वर्षं मी फाइल कुलपात ठेवली.

फाइलमध्ये भाचीचा मूळ कागद आहे. खोडलेल्या चौकोनाच्या खुणेशेजारी माझ्या अक्षरात लिहिलंय, "काढला. वेळ नाही." हा कागद ~~माझ्या मृत्यूनंतर~~ तिच्या हातात द्यावा.

५. लॉन्ड्रीतल्या त्या बाईंच्या नावे काही ठेवायचं होतं. परवा त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असं वकील म्हणाल्याचं बोलता बोलता निघालं. बाई म्हणाल्या, "मग मला साक्षीदारच करा." आज वरची कलमं वाचून त्यांनी विचारलं, "पोरीला हे तुम्ही मेल्यावर कळायचं? म्हणजे तुम्हाला तोंड दाखवायला नको, असंच ना?"

चौथ्या कलमातले दोन शब्द त्यांच्यासमोर खोडले आहेत. उद्या सकाळी फाइल घेऊन मी स्वतः भाचीकडे जाणार आहे.

ठिकाण: राहत्या घरातलं जेवणाचं टेबल
दिनांक: अकरा मार्च
लिहून ठेवणार: भाचीचा मामा (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे निवृत्त हेडमास्तर (सही)
२. लॉन्ड्रीतल्या बाई (सही, डाव्या हाताने)