कूस बदलण्याविषयी

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
रविवार

ती. मालिनीताईस,

आनंदाचा वाकून नमस्कार. (मनाने वाकलो आहे. शरीराचं पुढे सांगतो.) तुझी शुगर आणि दाजींचा गुडघा आपापल्या मर्यादेत असावेत. फोनवर मला बोलणं सुचत नाही आणि तू तिकडून नुसतं हॅलो हॅलो करत राहतेस, म्हणून हे पत्र.

तुझी भावजय बकुळा जाऊन बुधवारी आठ महिने होतील. तू दर वेळी विचारतेस, रडलास का. मी नाही म्हणतो, की तू लगेच संजीवनीला फोन लावतेस. (मुलगी माझी, पण बाजू तुझी घेते.) त्यात माझा डावा खांदा दुखू लागला. डॉक्टरांनी फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. तेव्हा संजीवनीने ठरवलं की खांद्यात दुःख अडकलं आहे, आणि उल्हासनगरच्या श्वासाच्या वर्गात माझं नाव घातलं.

वर्ग जीन्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरतो. सोनियामॅडम सिंधी, गोड बाई, हिंदीत शिकवतात. डोळे मिटून पडायचं आणि एकेका अवयवाला कसं वाटतंय ते विचारायचं. मी ऑर्डनन्समध्ये तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस. "उजवा गुडघा: कुरकुर, पण वापरण्याजोगा. पोट: पोहे," असा तोंडी अहवाल दिला. मॅडम म्हणाल्या, तपासू नका, जाणवू द्या. "जो भाव आए, उसे आने दो." त्यावर खालच्या दुकानाचा दिपेश डोळे मिटूनच म्हणाला, "मॅडम, सुबह से एक ही भाव आया, वो भी होलसेल का."

मग खांद्यात श्वास पाठवायला सांगितला. मी पाठवला. पत्ता चुकला असावा, कारण मला झोप लागली. नंतर कळलं की अख्ख्या वर्गाने दहा मिनिटं माझ्या घोरण्याशी आपला श्वास जुळवला होता. मॅडमना वाटलं, काकांना खोल श्वसन साधलं. शेजारच्या चटईवर अंबरनाथच्या मोतीबाई होत्या, त्या मात्र फसल्या नाहीत. त्यांनी माझ्या खांद्याला बोट टोचलं आणि म्हणाल्या, "अहो, कूस बदला."

ताई, मी बदलली. झोपेतच, निमूटपणे. आणि म्हणालो, "बरं. झोप तू." चांगलं मोठ्याने.

जाग आली तेव्हा समोर टेबलफॅन होता. बकुळा मला रात्रीतून तीनदा तरी कूस बदलायला लावायची. (मी तुझ्याजवळ तक्रारही केली होती, तू हसली होतीस.) आता सांगणारं कोणी नाही, म्हणून ज्या कुशीवर निजतो त्याच कुशीवर सकाळी उठतो. खांद्यात एवढंच होतं. मॅडमनी विचारलं, काय जाणवतंय. मी "मुंग्या" म्हणालो आणि तोंड पुन्हा टेबलफॅनकडे केलं. दिपेशने खाली जाऊन नवा रुमाल आणला, लेबलसकट. मोतीबाईंनी पदराने स्वतःचं नाक पुसलं. "आमचा म्हातारा पन असाच घोराचा," म्हणाल्या. "आता घर निसता गप."

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. संजीवनीला कळवू नकोस, ती आणखी तीन महिन्यांसाठी नाव घालील.

तुझा धाकटा,
आनंदा

ता. क. खांदा अजून दुखतोच. फक्त आता का ते माहीत आहे.

ता. क. २. दिवाळीला येणार आहेस, त्याआधीच चार दिवस ये. बाहेरच्या खोलीत तुझी गादी घालतो. माझं घोरणं ऐकू आलं की तिथूनच "कूस बदल" म्हणायचं, बाकी काही काम नाही.

ता. क. ३. तू माझ्याहून मोठ्याने घोरतेस, असं दाजी कधीपासून सांगत आले आहेत. म्हणजे तुला काही ऐकू येणार नाही. तरी ये.