बंद मोटारीतला पारा

भाऊसो,

मालकाची ड्रायव्हरी मी सोडली. परवा सांगलीच्या कोर्टापुढं मालकाची वाट बघत बंद मोटारीत बसून मला भोवळ आली, तर मालक म्हणाले, "सोंग करतोस. धूळ येते, काचा वरच ठेवायच्या." लढाईत वाळवंटात ट्रक हाकला, तिथंबी मला असं झालं न्हवतं.

म्हणून आज दवाखान्यातनं भिंतीवरचं थर्मामीटर मागून आणलं. सावलीत पारा शंभर फॅरनहाइटवर हुता, बंद मोटारीत तासाभरात एकशे तीसवर गेला. मालकाला दाखवून म्हणलं, "आता तुमी आत बसा, मी भायेर हुबा ऱ्हातो."

"माफी माग, नाहीतर चालता हो," म्हणाले. मी किल्ली दिली.

शिरवळला ट्रकवर काम बघाय चाललोय. थर्मामीटर या चिठ्ठीसंगं ठेवलंय, ते दवाखान्यात पोचव. आईला जेवाय लाव. मालकाचं बोलावणं आलं तर सांग, हरिबा माफी मागणार न्हाई.

तुझा दादा,
हरिबा